ही मुलं कुणाच्या वहीत आहेत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला खानावळ चालवते. 1999 च्या जूनमध्ये सात मुलांवर सुरू केली. आज माझ्या वहीत 43 नावं आहेत. धडगाव-अक्कलकुव्याची 11, शहादा-तळोद्याची 6, चोपडा-यावलकडची 8, शिंदखेडा-दोंडाईचाची 9 आणि पारोळा-एरंडोलची 9. त्यांतल्या 17 मुली. मुली बहुतेक डबाच नेतात, मुलं बसून जेवतात. स्टेशनकडच्या गल्ल्यांत 19 जण राहतात, कॉलेजमागच्या कॉलन्यांत 15 आणि जुन्या गावात 9. हे सगळं मी पाठ सांगू शकते, कारण रोज संध्याकाळी भाकरी किती टाकायच्या ते यावरच ठरतं.

या वहीबद्दलच मला लिहायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात डबा घेऊन खोलीवर जाणारी एक मुलगी अंधारात गटारीत पडली. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, त्या सत्राची तिची प्रात्यक्षिकं बुडाली. त्या वळणावर दिवा नव्हता. "उजेडच नई शे तठे, मावशी," असं तिने मला आठवडाभर आधी सांगितलं होतं आणि मी "जपून जात जा माय" एवढंच म्हटलं होतं. ते मला अजून टोचतं.

ती पडल्यावर मी हिंडले. एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली. मग विचारलं, ती मुलगी कोणत्या प्रभागातली मतदार? मी म्हटलं, तिचं नाव तिच्या गावच्या यादीत आहे, शिंदखेड्याकडे. त्याने पेन खाली ठेवलं. अर्ज तिथल्या रहिवाशाचा लागतो म्हणाला. घरमालक बाहेरगावी असतात, ते कुठून अर्ज करणार? दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथेही आदराने बोलले, पण गेटच्या आतलं आमच्याकडे, बाहेरचं नाही, असं सांगितलं. मी कुणाचं नाव घेत नाही, कारण दोघांनीही मला खोटं सांगितलं नाही. दोघांच्या कागदात ती मुलगी खरोखरच बसत नव्हती.

घरी येऊन मी विचार करत बसले. ही मुलं आपल्या गावात तीन वर्षं राहतात, एम.ए., एम.एस्सी. केलं तर पाच. त्यांचं मत गावाकडे, रेशनकार्ड गावाकडे. वसतिगृहात जागा मिळाली त्यांची नावं तिथल्या हजेरीत तरी असतात. बाकीची खोली करून राहतात. कोणत्या गल्लीत किती मुलं राहतात, त्यांत मुली किती, हे अमळनेरात कुठे लिहिलेलं आहे? माझ्या वहीत आहे. माझ्यासारख्या आणखी खानावळवाल्या बायांच्या वह्यांत आहे. दुसरीकडे मला तरी सापडलं नाही.

वही म्हणजे काय ते सांगते. डावीकडे नाव, गाव, खोलीची गल्ली. पुढे महिन्याचे दिवस. जेवला की टिंब, नाही आला तर खाडा. आदल्या रात्री खाडा सांगितला तर त्या दिवसाचे पैसे कापायचे, हा खानावळीचा नियम. जुन्या वह्या मी टाकल्या नाहीत, पत्र्याच्या पेटीत आहेत. प्लास्टरवाल्या मुलीच्या निमित्ताने त्या सगळ्या काढल्या आणि चार-पाच दिवस दुपारी चाळत बसले.

सोमवारी सकाळी खाडे जास्त. मुलं शनिवारी घरी जातात आणि सोमवारच्या गाडीने येतात, गाडीला उशीर झाला की पहिले दोन तास गेले. होळीच्या आसपास धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांचा एकही टिंब नाही, कुठल्याच वर्षी नाही. सातपुड्यात त्या दिवसांत भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे आदिवासींचे बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी असते. दिवाळीला आपण घरी जातो तशी ही मुलं होळीला जातात. त्या आठवड्यात चाचणी ठेवली की पोरगा एक तर परीक्षा सोडतो नाहीतर सण सोडतो. कॉलेजने मुद्दाम ठेवली असं मी म्हणणार नाही. पण कॅलेंडर करणाऱ्याच्या समोर ही वही असती तर त्याने आठ दिवस पुढे-मागे केलंच असतं.

तिसरी गोष्ट वाचताना माझे डोळे भरून आले. काही मुलांचे रात्रीचे खाडे महिन्याच्या शेवटी वाढत जातात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना सरकारी योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, पण ते हप्त्याने. हप्ता लांबला की पोरगं लाजतं आणि एक वेळचं जेवण कमी करतं. "भूक नई शे मावशी" म्हणतं. मी वीस वर्षं ते ऐकून घेतलं. एकेका मुलाला हाताला धरून बसवलं असेल, पण सगळ्यांचे खाडे एकत्र मोजावेत हे कधी सुचलं नाही. एका पानावर अशी सहा नावं ओळीने सापडली तेव्हा कळलं की ही एकट्यादुकट्याची अडचण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नगरपरिषद, गावातली महाविद्यालयं आणि आपलं विद्यापीठ यांनी मिळून पहिलं काम करावं ते मोजणीचं. गल्लीवार, खोलीवार. मुलं कुठे राहतात, कोणत्या रस्त्याने कोणत्या वेळी ये-जा करतात, पाणी कुठून भरतात, अभ्यासाला कुठे बसतात. बाकी सगळं त्यानंतर.

हे करायला माणसं कुठून आणायची, असं कुणी विचारेल. माणसं आहेतच. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलाला वर्षाला 120 तास समाजाचं काम करावं लागतं, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं शिबिर वेगळं. नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आपल्याकडच्या पदवीच्या वर्गांना लागू झालं, त्यात समाजात जाऊन करायचं काम आता मार्कांत धरलं आहे, त्याला मुलं सीईपी म्हणतात. दोन क्रेडिट, म्हणजे 60 तास. माझ्याकडे जेवणारी मुलं "मावशी, सीईपीला विषय सांगा ना" म्हणून मलाच विचारतात. 60 मुलांचा एक वर्ग धरला तर 3600 तास होतात. एवढ्या तासांत अमळनेरची एकेक गल्ली दोनदा मोजून होईल. भूगोलाची मुलं नकाशा काढतील, संख्याशास्त्राची बेरजा लावतील, मराठीची मुलं खोलीवर बसून बोलतील आणि लिहून आणतील.

आज हे तास बरेचदा खेड्यावर जातात. जावेतच. उन्नत भारत अभियानात महाविद्यालयं निदान पाच गावं दत्तक घेतात, तिथे मुलं चांगलं काम करतात, मी त्यांच्याकडूनच ऐकते. पण जी मुलगी दत्तक गावात जाऊन शोषखड्ड्याचा सर्व्हे करते, तिच्या स्वतःच्या खोलीसमोरच्या गटारीचा सर्व्हे कुणी करत नाही. शहरातली गल्लीही एखाद्या वर्गाला दत्तक द्यावी.

माझ्याकडे बी.एस्सी.ची तीन वर्षं जेवलेला एक मुलगा आता पुण्याला नगररचना शिकवतो. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथे 2009 पासून असं आहे की विद्यापीठ एका वर्षासाठी एक शहर धरतं. पहिल्या वर्षी ग्रेशॅम, दुसऱ्या वर्षी सेलम. शहराने आपले प्रश्न द्यायचे आणि वेगवेगळ्या विषयांच्या वर्गांनी वर्षभर तेच प्रश्न अभ्यास म्हणून सोडवायचे. शहर त्यासाठी पैसेही देतं. मला त्यातल्या दोन गोष्टी पटल्या. प्रश्न शहराचा असतो, प्राध्यापकाच्या डोक्यातून आलेला नसतो. आणि प्रत्येक प्रश्नाला शहराच्या कचेरीतला एक माणूस नेमलेला असतो, मुलांनी कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. आपल्याकडे मुलांचे प्रकल्प चांगले होतात, बाइंडिंग होतं, मार्क मिळतात आणि फाइल कपाटात जाते. ती घेणारा माणूस आधी ठरवला तर ती कपाटात जाणार नाही.

पण ऑरेगनपर्यंत जायलाच हवं असंही नाही. माझ्याच स्वयंपाकघरात हे एकदा होऊन गेलं आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी. तुरीची डाळ शिजतच नसे. तीन-तीन शिट्ट्या जास्त, तरी दाणा आखडलेला. मी दुकानदाराशी भांडले, डाळ बदलली, कुकर बदलला. एम.एस्सी. केमिस्ट्रीचा एक मुलगा जेवायला होता, तो म्हणाला, मावशी, एक बाटली पाणी द्या. प्रात्यक्षिकात त्याने ते तपासलं. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की पाणी फार जड आहे. थेंब थेंब औषध टाकत गेलं की लालसर रंगाचा निळा होतो, तो निळा व्हायला आपल्या पाण्याला नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब लागले. डाळीला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा म्हणाला. तेव्हापासून एक हंडा फक्त डाळीचा. सिलिंडर चार-पाच दिवस जास्त पुरायला लागला. त्या मुलाला तेवढ्याच वेळेत प्रात्यक्षिकाचे मार्क मिळाले. अमळनेरात अशा किती बोअर असतील! एका वर्गाने एका वर्षात सगळ्यांची बाटली-बाटली तपासली तर कोणतं पाणी पिण्याचं, कोणतं सांडायचं, एवढं तरी घरोघर कळेल.

आपल्या गावाला हे नवीन नाही, याचंच मला जास्त वाटतं. श्रीमंत प्रतापशेठांनी इथे गिरणी काढली, त्याच पैशातून 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, 1945 साली कॉलेज आलं. गाव आणि शिक्षण इथे वेगळे नव्हतेच. साने गुरुजी 1924 ते 1930 या गावात शिक्षक होते आणि छात्रालयाचे गृहपतीही होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आणि मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. रोज. मुलगा कुठे झोपतो, काय खातो, कशाने उदास आहे हे ज्याला माहीत असतं असा माणूस म्हणजे गृहपती. आज गावभर पसरलेल्या शेकडो खोल्यांना एकही गृहपती नाही.

आणि 2024 च्या फेब्रुवारीत काय झालं ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं. 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर झालं. 1952 नंतर ते पुन्हा अमळनेरात आलं होतं. तीन दिवस. माझ्याकडची मुलं स्वयंसेवक होती, बिल्ले लावून रात्री अकराला जेवायला यायची, पाय दुखत असायचे पण चेहरा फुललेला. रस्ते, पाणी, दिवे, पाहुण्यांची सोय, सगळ्यांनी मिळून सगळं केलं. कोणतं काम गेटच्या आतलं आणि कोणतं बाहेरचं, असं त्या तीन दिवसांत मला तरी कुणी विचारलं नाही. तीन दिवसांच्या पाहुण्यांसाठी जे जमलं ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जमायला हरकत नसावी.

आता खोल्यांचं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. तीन वर्षांपूर्वी जुलैत धडगावकडचा एक मुलगा बॅग घेऊन माझ्या ओट्यावर बसला होता. सकाळपासून सात ठिकाणी खोली विचारून आला होता. पाटी लावलेली, खोली रिकामी. नाव सांगितलं की आडनाव विचारायचे, आडनाव सांगितलं की "कालच दिली." सातव्या ठिकाणानंतर त्याने मलाच विचारायचं ठरवलं, कारण कुणीतरी सांगितलं होतं की या मावशी आडनाव विचारत नाहीत. तो मुलगा त्या रात्री आमच्याकडेच ओट्यावर झोपला. बारावीला त्याला 78 टक्के होते. मी दुसऱ्या दिवशी बरोबर जाऊन त्याला खोली मिळवून दिली, पण प्रत्येकाबरोबर कोण जाईल?

म्हणून मोजणीतून एक खोल्यांची यादी तयार व्हावी. ज्याला खोली द्यायची आहे त्याने भाडं, पाणी, संडास, दाराची कडी-कुलूप कसं आहे ते लिहून यादीत नाव घालावं, आणि कॉलेजमधून प्रवेशाच्या क्रमाने चिठ्ठी मिळावी. दारात आडनावाची चौकशीच नको. यादीत असणाऱ्या मालकाला काही सवलत द्यायची तर नगरपरिषदेने ठरवावी. मुलींच्या खोल्यांच्या रस्त्यावरचे दिवे आधी लावावेत. हे मी सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एक धोका आहे. घरमालकांना वाटेल की मोजणी म्हणजे घरपट्टी वाढवायची तयारी. ते भाडेकरूंची संख्या लपवतील, मुलांनाही सांगतील की पाहुणा आहे म्हणून सांग. मग सगळा सर्व्हे खोटा. तेव्हा सुरुवातीलाच लेखी जाहीर करावं की हे आकडे करासाठी वापरले जाणार नाहीत, आणि ते पाळावं. एकदा शब्द मोडला तर पुन्हा कुणी दार उघडणार नाही. तसंच मोजायला जाणाऱ्या मुलाने कुणाची जात लिहू नये, कुणाच्या खोलीत कोण येतं-जातं ते लिहू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत. नाहीतर दिवा लावायला म्हणून गेलेले लोक पहारा लावून येतील आणि मुलींचे घरचे त्यांना परत नेतील. मी असं होताना पाहिलं आहे.

गावालाही यातून मिळायला हवं, एकट्या मुलांनाच नाही. माझी सून पोलीस भरतीचा अभ्यास करते. घरात खानावळीचा आवाज, भांडी, बाहेर मूल रडतं. कॉलेजच्या वाचनालयाची एक खोली संध्याकाळी सहा ते नऊ गावातल्या मुलामुलींना उघडी राहिली तर तिच्यासारख्या कितीतरी जणी येऊन बसतील. वीज आणि राखणदाराचा खर्च नगरपरिषदेने उचलावा, जागा कॉलेजची. त्याच खोलीत खोलीवर राहणारी मुलंही बसतील. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी अभ्यास होत नाही, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात.

विद्यापीठाचं यात काय काम, असं काहींना वाटेल. विद्यापीठ जळगावला, आम्ही इकडे. पण क्रेडिट कशाला द्यायचं हे विद्यापीठच ठरवतं. त्यांनी एक पत्रक काढलं की शहरातल्या वस्तीत केलेलं असं काम चालेल, तर प्राध्यापकांना मोकळीक मिळेल. आणि मग फक्त अमळनेर कशाला, चोपडा, शहादा, शिरपूर, फैजपूर, सगळीकडे हीच मुलं आहेत. 1990 च्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. माझे मोठे दीर गुणपत्रिकेतल्या एका चुकीसाठी दोनदा पुण्याला जाऊन आले, एकदा रात्र स्टेशनवर काढली. विद्यापीठ खान्देशात आलं ते अंतर कमी व्हावं म्हणूनच ना? ज्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचं नाव आज त्या विद्यापीठाला आहे. खानावळीची वही तिथे वाचली गेली तर मला परकं वाटणार नाही.

माझ्याकडच्या सगळ्या वह्या मी द्यायला तयार आहे. फक्त नावांची पट्टी झाकून झेरॉक्स काढावी लागेल, मुलांच्या उधारीचा हिशोब त्यात आहे आणि तो त्यांचा-माझा आहे. आणखी चार खानावळवाल्यांशी मी बोलले, तिघी तयार आहेत, चौथी नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. नव्या मुलांचे प्रवेश जूनपासून सुरू होतात, त्याच्या आत एक बैठक झाली तर पहिल्या सत्रातच मोजणी होऊ शकेल.

आपल्या वृत्तपत्रातून हे संबंधितांपर्यंत पोचावं एवढी विनंती. बैठक ठरली तर दुपारी दोन ते चारमध्ये ठेवावी. पाचला मला भाकरी टाकायला बसावं लागतं.

आपली,
एक खानावळवाली, अमळनेर

(नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. घरमालकांशी मुलांचे संबंध बिघडू नयेत म्हणून तो छापू नये.)